आइसलँडची समुद्रातून प्रदक्षिणा: पफिन, देवमासे आणि कडे पाहायला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं जून-जुलैमध्ये मी पुण्या-मुंबईकडची मंडळी घेऊन आइसलँडभोवती फिरणाऱ्या छोट्या मोहीम-जहाजावर जाते. माझं काम पक्षी, त्यातही पफिन हा रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी, आणि देवमासे दाखवण्याचं. आधी फोनवर, मग विमानतळावर आणि शेवटी डेकवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

ही क्रूझ म्हणजे मुंबईहून गोव्याला जाते तशी का?

नाही. तिथे जहाज हीच करमणूक असते. इथे जहाज म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय आणि एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेणारं वाहन. प्रवासी साधारण शंभर ते अडीचशे. कॅसिनो नाही, रात्रीचे नाचगाण्याचे कार्यक्रम नाहीत. त्याऐवजी दहा-बारा माणसं बसतील अशा रबरी बोटी असतात, त्यांना झोडियाक म्हणतात. धक्का नसलेल्या किनाऱ्यावरही त्या उतरवतात आणि कड्यांच्या अगदी पायथ्याशी नेतात. रोज संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून आज काय पाहिलं आणि उद्या काय बेत आहे ते सांगतात. पूर्ण प्रदक्षिणेला आठ ते दहा दिवस लागतात, आणि बहुतेक सफरी रेक्याविकहून निघून तिथेच परत येतात.

गाडीने बेटाभोवती फिरता येतं, मग बोटच कशाला?

गाडीचा प्रवास चांगलाच आहे, मीही केला आहे. बेटाला वळसा घालणारा रिंग रोड १,३०० किलोमीटरहून थोडा जास्त आहे. आइसलँडचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. रस्ता मोकळा असतो.

पण तो रस्ता वायव्येकडच्या वेस्टफ्योर्डस् भागाला बगल देतो. त्या भागाच्या टोकाला असलेल्या होर्नस्ट्रांदिर अभयारण्यात तर रस्ताच नाही. तिथली शेवटची कुटुंबं १९५० च्या दशकात गाव सोडून गेली, १९७५ मध्ये तो प्रदेश राखीव झाला आणि आता तिथे कोल्ह्यांचं राज्य आहे. ग्रिमसे बेट, विगुर बेट, एल्डेचा खडक, लात्राब्यार्गच्या कड्याची खालची बाजू, हे सगळं समुद्राकडूनच नीट कळतं. लात्राब्यार्ग सुमारे १४ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत उंच ठिकाणी ४४० मीटर. वरून पाहताना कडेचे पक्षी दिसतात. खाली झोडियाकमध्ये बसून मान वर केली की कड्यातल्या प्रत्येक दगडी फळीवर ओळीने उभे असलेले हजारो पक्षी दिसतात. आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं, आणि वास आधीच दुरून आलेला असतो.

गीझर, गुलफॉस धबधबा, योकुलसार्लोनचं हिमनगांचं सरोवर ही ठिकाणं मात्र रस्त्यानेच पाहायची. ती हवी असतील तर सफरीच्या आधी किंवा नंतर तीन दिवस हाताशी ठेवा.

पत्रकात छापलेली सगळी ठिकाणं नक्की दाखवणार ना?

नाही, आणि हे मी प्रत्येकाला पैसे भरण्याआधीच सांगते. पत्रकात असतो तो इरादा. वारा, लाटा, धुकं आणि प्राणी कुठे आहेत हे पाहून कप्तान आणि मोहीमप्रमुख रोज नवा निर्णय घेतात. वारा वाढला तर झोडियाक पाण्यात सोडत नाहीत, मग किनारा पाचशे मीटरवर का असेना.

एका वर्षी ग्रिमसेला उतरायचं होतं. सकाळपासून उत्तरेकडून मोठी लाट येत होती, बोट जहाजाच्या शिडीपाशी मीटरभर वर-खाली होत होती. उतरणं रद्द झालं. आमच्यातले एक काका अतिशय नाराज झाले, कारण उत्तर ध्रुववृत्तावर उभं राहून फोटो काढायचा म्हणून त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती. त्यांचं वाईट वाटणं खरं होतं, मलाही वाईट वाटलं. जहाज दक्षिणेला आडोशाच्या खाडीत गेलं आणि तिथे दोन हंपबॅक देवमासे दीड तास मासे खात होते. काका शेवटपर्यंत कठड्यापाशी उभे होते. दर वेळी अशी भरपाई होतेच असं नाही. कधी कधी ठिकाण हुकतं आणि बदल्यात फक्त धुकं मिळतं. ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांनी रस्त्याने फिरावं, असं मी मनापासून सुचवते.

कोणता महिना चांगला?

पफिन पाहायचे असतील तर मेचा शेवट ते जुलैचा शेवट. ते एप्रिलच्या अखेरीस किनाऱ्यावर यायला लागतात आणि ऑगस्टमध्ये बघता बघता नाहीसे होतात. ऑगस्टच्या मध्यानंतरची सफर स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. कडे तेव्हा बरेचसे रिकामे असतात. देवमासे जून ते ऑगस्ट चांगले दिसतात. फुलं, विशेषतः निळी ल्युपिन, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला. मला विचाराल तर जूनचा दुसरा पंधरवडा.

नॉर्दर्न लाइट्स दिसतील?

या दिवसांत नाही. तेव्हा रात्रच होत नाही. २१ जूनच्या सुमारास रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि तीनच्या आसपास पुन्हा उगवतो, मधल्या वेळातही बाहेर वाचता येईल इतका उजेड असतो. लाइट्ससाठी सप्टेंबर ते मार्च यावं लागतं, आणि तेव्हा पफिन नसतात. दोन्ही एकाच फेरीत दाखवू असं कुणी सांगत असेल तर त्याला तारीख विचारा.

या एकाच बेटाभोवती इतके पक्षी आणि देवमासे का?

दक्षिण-पश्चिमेकडून येणारा उबदार प्रवाह आणि उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह इथे भेटतात. पाणी घुसळलं जातं, तळाची पोषकद्रव्यं वर येतात, त्यात उन्हाळ्यात जवळपास चोवीस तास ऊन. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर क्रिल आणि इतर बारीक जीव, त्यांच्यावर केपलिन, हेरिंग, सँडईल असे छोटे मासे, आणि त्या माशांवर बाकी सगळे. ज्वालामुखीने कडे दिले आणि समुद्राने अन्न दिलं. दोन्ही हाताशी असलेली जागा पक्ष्याला आणखी कुठे मिळणार?

ही साखळी नाजूकही आहे. दक्षिणेच्या वेस्टमन बेटांजवळ २००० च्या दशकाच्या मध्यानंतर सँडईल मासे घटले, तेव्हा तिथल्या पफिनच्या पिल्लांचे हंगामच्या हंगाम वाया गेले. जगातले निम्म्याहून जास्त अटलांटिक पफिन आइसलँडमध्ये वीण करतात, त्यामुळे इथे झालेला बिघाड ही सगळ्या जातीचीच अडचण ठरते. २०१५ पासून हा पक्षी धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत संकटप्रवण गटात आहे.

पफिन नक्की दिसतात का? आणि किती जवळून?

योग्य महिन्यात आलात तर हो. आधी एक सांगते: तो फोटोत वाटतो त्याहून खूप लहान असतो. वजन अर्धा किलोच्या आसपास, उंची वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "एवढासाच?" तो उडताना पंख इतके भराभरा हलवतो की मिनिटाला चारशे वेळांपर्यंत हा आकडा जातो. पाण्याखाली मात्र त्याच आखूड पंखांनी तो सहज पोहतो. चोचीचं रंगीत आवरण फक्त विणीच्या काळापुरतं असतं, हिवाळ्यात ते गळून पडतं.

पफिन गवताळ उतारावर बीळ खणतो, त्यात एकच अंडं. म्हणून कड्याच्या काठावरचं गवत म्हणजे कुणाचं तरी छप्पर असतं. त्यावरून चालताना ते खचू शकतं. आखलेली पायवाट सोडू नका असं आम्ही वीस वेळा सांगतो ते यासाठी. पायवाटेच्या कडेला गप्प बसून राहिलात तर पफिन आपणहून जवळ येतात, कारण माणूस जवळ असला की शिकारी पक्षी दूर राहतात. पंधरा मिनिटं बसायची तयारी ठेवा.

वेस्टमन बेटांवर एक प्रथा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिल्लं रात्री बिळातून निघून समुद्राकडे झेपावतात. काही गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात. तिथली मुलं रात्री उशिरापर्यंत पुठ्ठ्याची खोकी घेऊन त्यांना शोधत फिरतात, वजन करून नोंद करतात आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून समुद्राकडे सोडून देतात. आपल्याकडे वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना गावकरी जमतात, त्या सकाळीची आठवण येते.

पफिन सोडून आणखी कोणते पक्षी?

खूप. गिलमॉट आणि रेझरबिल कड्याच्या उघड्या फळीवर थेट दगडावर अंडं घालतात. गिलमॉटचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की धड उडता येत नसताना कड्यावरून खाली समुद्रात उडी मारतं, आणि बाप खालून हाका मारत असतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हे पाहायला मिळालं तर जेवण सोडून बाहेर या.

फुलमार जहाजाबरोबर तासन्‌तास तरंगत येतो. त्याच्या घरट्याजवळ जाऊ नये, तो दुर्गंधी तेलाची पिचकारी मारतो. एल्डे हा रेक्यानेस टोकासमोरचा ७७ मीटरचा सुळका गॅनेट पक्ष्यांनी माथ्यापर्यंत पांढरा झालेला असतो. विगुर बेटावर आयडर बदक पाहायला मिळतं. मादी स्वतःच्या छातीचे मऊ पिसारे घरट्यात पसरते, शेतकरी ते हाताने गोळा करतात आणि जागी वाळलेलं गवत ठेवतात. किलोभर पिसांसाठी साठेक घरटी लागतात. पक्षी मारायचा नाही, उलट कोल्ह्या-कावळ्यांपासून त्याला राखायचं, हा तिथला शतकांचा व्यवहार आहे.

आणि सुरय. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर सुरय पक्षी वीण करतात. त्यांचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद, आर्क्टिक सुरय, स्थानिक नाव क्रिया. ग्रीनलंड-आइसलँडच्या सुरयांना बारीक यंत्रं बांधून मोजलं तेव्हा वर्षाचा प्रवास सरासरी सुमारे ७१ हजार किलोमीटर निघाला, उत्तर टोकाकडून अंटार्क्टिकाकडे आणि परत. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. हाच पक्षी घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर टोचतो, रक्त निघेल इतकं. हातातली काठी डोक्याच्या वर उभी धरा, तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो. आणि लगेच मागे फिरा, कारण याचा अर्थ पायाखाली अंडी असू शकतात.

लाल मानेचा फॅलरोप हा चिमुकला पक्षी तळ्यात भिंगरीसारखा गोल फिरत खात असतो. ही जात हिवाळ्यात आपल्या अरबी समुद्रातही येते, पण ते पक्षी स्कँडिनेव्हिया-रशियाकडचे. आइसलँडचे फॅलरोप अटलांटिक ओलांडून प्रशांत महासागराकडे जातात. एकच जात, दोन समुद्र.

देवमासा कसा शोधायचा? मला कधीच दिसत नाही, लोक ओरडतात तोवर तो गेलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारा हा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दिशा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात. जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागची सहा, डावी नऊ. "दोन वाजता" असं ऐकू आलं की मनगटाकडे पाहायचं नाही, उजवीकडे पुढे पाहायचं. दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाच्या थोडं खालून सावकाश नजर फिरवा. शोधायचा असतो तो मासा नव्हे, त्याचा फवारा: वाफेचा एक झुबका, दोन-तीन सेकंदांत विरणारा.

फवाऱ्यावरून जात ओळखता येते. निळ्या देवमाशाचा सरळ, उंच, नऊ मीटरपर्यंत जाणारा खांब. हंपबॅकचा त्याहून आखूड, झुडपासारखा पसरट. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, कारण त्याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते. मिंकी या छोट्या देवमाशाचा फवारा बहुधा दिसतच नाही, काळी पाठ आणि छोटा आकड्यासारखा पर दिसतो आणि संपतं. समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर तिथे नजर ठेवा, खाली मासे आहेत आणि त्यांच्या खाली आणखी कुणी असू शकतं.

हंपबॅकने पाठ कमान करून शेपूट वर काढली की तो खोल गेला. पाच-दहा मिनिटं तरी येणार नाही. शेपटीच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यावरून एकेक प्राणी ओळखतात. तुमचा शेपटीचा स्वच्छ फोटो संशोधकांच्या कामी येतो, तो जहाजावरच्या तज्ज्ञाला जरूर द्या.

उत्तरेचं हुसाविक गाव आणि त्याच्यासमोरचा स्क्यालफांदी उपसागर या सगळ्यासाठी सर्वांत भरवशाचा. हंपबॅक, मिंकी, पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन नेहमीचे, आणि जूनमध्ये कधी कधी निळा देवमासा. ओर्का (किलर व्हेल) पश्चिमेच्या स्नायफेल्सनेसकडे आणि वेस्टमन बेटांजवळ दिसतात, पण त्यांच्याबाबत शब्द देता येत नाही.

आपल्या समुद्रातही देवमासे आहेत हे बऱ्याच जणांना बोटीवर पहिल्यांदा कळतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर २०१५ मध्ये निळ्या देवमाशांची नोंद झाली. अरबी समुद्रातले हंपबॅक तर जगावेगळे आहेत. इतर ठिकाणचे हंपबॅक थंड पाण्यात खायला आणि उबदार पाण्यात वीण करायला जातात, हे मात्र वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. त्यांची संख्या फार थोडी उरली आहे.

पोलर बेअर? पेंग्विन?

पोलर बेअर आइसलँडमध्ये राहत नाहीत. ग्रीनलंडकडून बर्फावरून क्वचित एखादं भरकटत येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वेस्टफ्योर्डस्‌मध्ये असंच एक आलं आणि वस्तीजवळ असल्याने त्याला गोळी घातली गेली. अस्वलं पाहायची असतील तर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांची सफर वेगळी असते. आइसलँडचा मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, आर्क्टिक कोल्हा. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तो बर्फावरून चालत आला आणि बर्फ वितळल्यावर इथेच राहिला. होर्नस्ट्रांदिरला त्याच्या शिकारीला बंदी आहे, म्हणून तो तिथे माणसाला फारसा बुजत नाही.

पेंग्विन उत्तर गोलार्धाच्या या टोकाला नाहीत. पण ते नाव मुळात इथल्याच एका पक्ष्याचं. ग्रेट ऑक नावाचा, उडता न येणारा, काळा-पांढरा, जवळपास पाऊण मीटर उंचीचा पक्षी. त्याचं शास्त्रीय नाव पिंग्विनस. दक्षिणेकडे तसेच दिसणारे पक्षी खलाशांना भेटले तेव्हा त्यांनी तेच नाव त्यांना दिलं. मांस, तेल आणि पिसांसाठी ग्रेट ऑक मारले गेले. दुर्मिळ झाल्यावर संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना नमुने हवे झाले, म्हणून उरलेलेही मारले गेले. शेवटची ज्ञात जोडी जून १८४४ मध्ये एल्डेच्या खडकावर मारली गेली. जहाज एल्डेजवळून जातं तेव्हा मी गॅनेट दाखवते आणि हेही सांगते. दर वेळी डेकवर थोडा वेळ कुणी बोलत नाही.

ज्वालामुखी फुटला तर?

आइसलँड अटलांटिकच्या मध्यरेषेवर आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशियाच्या भूपट्टा इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने दूर जातात. उद्रेक होतच असतात. रेक्यानेस भागात २०२१ पासून पुन्हा सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. यातले बहुतेक उद्रेक भेगेतून शांतपणे लाव्हा वाहण्याचे, राखेचे कमी. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं अडली होती, तसं घडलं तर अडचण विमानांची होते. जहाज सुरक्षित अंतरावर जाऊ शकतं. प्रवासविम्यात नैसर्गिक आपत्तीमुळे होणारा उशीर आहे का, एवढं तपासा.

आइसलँडमध्ये माणसं आणि आग कशी शेजारी राहतात ते वेस्टमन बेटांपैकी हेइमाए बेटावर कळतं. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारी बोटींचा सगळा ताफा बंदरात होता. त्याच बोटींतून सुमारे ५,३०० लोक त्या रात्री मुख्य बेटावर पोहोचले. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा लोकांनी महिनोन्‌महिने त्यावर समुद्राचं पाणी मारून त्याला थंड केलं, अडवलं. बंदर वाचलं. आज आपली बोट त्याच तोंडातून आत शिरते.

जवळच सुर्टसे. १४ नोव्हेंबर १९६३ ला समुद्रातून धूर निघताना दिसला आणि जून १९६७ पर्यंत तिथे नवं बेट तयार झालं. उजाड दगडावर जीवसृष्टी कशी रुजते हे पाहण्यासाठी ते राखून ठेवलं आहे, २००८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. शास्त्रज्ञांशिवाय कुणालाही उतरता येत नाही, आपण लांबूनच पाहतो. एकदा तिथे टोमॅटोचं रोप उगवलं होतं. माणसाच्या विष्ठेतून बी आलं असं निघालं, आणि ते उपटून टाकलं.

दगड आपल्या सह्याद्रीसारखाच दिसतो, खरंच तोच आहे का?

जात तीच, बेसाल्ट. वेस्टफ्योर्डस्‌मधून जहाज जातं तेव्हा दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर येतात, आणि ट्रेकिंग केलेली मंडळी हटकून एखाद्या किल्ल्याचं नाव घेतात. एकावर एक लाव्हाचे थर साचून दोन्हीकडचे डोंगर झाले. फरक वयाचा. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आइसलँडचा सर्वांत जुना खडक दीड कोटी वर्षांच्या आसपास. तिथले षट्कोनी खांब पाहून लोक थक्क होतात. तसे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिललाही आहेत.

पूर्वेला द्यूपिवोगुरजवळ टेगारहोर्न नावाची जागा झिओलाइट स्फटिकांसाठी जगप्रसिद्ध आहे. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतले झिओलाइटही तितकेच प्रसिद्ध. दगडाच्या पोकळ्यांत गरम पाणी फिरून ते तयार होतात. टेगारहोर्नचा खडाही उचलायचा नाही, ती जागा संरक्षित आहे.

मला बोट लागते. झेपेल का?

बहुतेकांना झेपतं. खाड्यांत पाणी शांत असतं, त्रास होतो तो मोकळ्या समुद्रात, विशेषतः वायव्येला आणि दक्षिण किनाऱ्यावर. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्या, ती कमी हलते आणि स्वस्तही असते. गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, लाटा सुरू होण्याआधी घ्यायची. कोणती, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर नक्कीच. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक जवळ ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घालण्याऐवजी बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहा.

वय ६८, गुडघे दुखतात. येऊ का?

जहाजाच्या शिडीवरून धरून उतरता आणि झोडियाकच्या फुगीर कडेवर बसता येत असेल तर या. बोटीत चढता-उतरताना खलाशाचा हात पंजाला धरायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं. पंजा ओला असला की निसटतो. काही ठिकाणी घोटाभर पाण्यात उतरावं लागतं. चालण्याचे गट बहुधा वेगवेगळे करतात, सावकाश चालणाऱ्यांचाही एक असतो. उतरायचं नसेल त्या दिवशी डेकवर बसूनही भरपूर दिसतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर वर्षभर थांबा.

कपडे काय आणायचे?

जुलैत तापमान दहा-बारा अंश असतं, महाबळेश्वरच्या थंडीसारखं. पण झोडियाकमध्ये वारा आणि शिंतोडे मिळून ते शून्याजवळ वाटतं. जाड एक स्वेटर आणू नका, पातळ थर आणा: आत लोकरीचे थर्मल, वर फ्लीस, वर वारा-पाणी न शिरणारं जाकीट. आणि पाणी न शिरणारी पँट. ही एक गोष्ट लोक विसरतात आणि मग भिजलेल्या जीन्समध्ये दोन तास कुडकुडतात. सुती मोजे नकोत. कानटोपी, दोन जोड हातमोजे. गमबूट बऱ्याच जहाजांवर वापरायला मिळतात, आधी विचारून घ्या. छत्री घरी ठेवा, तिथला वारा ती टिकू देत नाही. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी मात्र हवीच.

शाकाहारी जेवण मिळेल?

मिळतं, पण आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा. जैन जेवण हवं असेल तर "कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळं नाहीत" असं फोडून लिहा, नुसतं "जैन" लिहून स्वयंपाकघराला कळत नाही. तिथलं स्किर दह्यासारखं घट्ट असतं, आमच्या लोकांना फार आवडतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं बंद पाकिटात जरूर आणा. किनाऱ्यावर मात्र खाण्याचं काहीही न्यायचं नाही, शेंगदाणाही नाही.

इतके नियम कशासाठी? बूट धुवा, अंतर ठेवा, ड्रोन नको…

माणसाबरोबर आलेलं एक बी सुर्टसेसारख्या जागी काय करतं ते वर आलंच आहे, बुटाच्या खाचेत अडकूनही ते येऊ शकतं. २०२२ मध्ये पक्षीज्वराने (बर्ड फ्लू) अटलांटिकभर गॅनेट मेले, आइसलँडमध्येही. म्हणून प्रत्येक उतरण्याआधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवतात. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. ड्रोनला प्रवाशांसाठी बहुतेक मोहीम-जहाजांवर बंदी आहे, कारण कड्यावर एकदा घबराट झाली की गिलमॉट एकदम उडतात आणि उघड्या फळीवरची अंडी खाली गडगडतात. तुम्ही येण्याआधी प्राणी जे करत होता तेच तुम्ही असतानाही करत असेल, तर अंतर बरोबर आहे. त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही जास्त जवळ गेलात. मी या बाबतीत कडक आहे आणि कुणी रागावलं तरी चालेल.

रेक्याविकमध्ये देवमाशाचं मांस मिळतं म्हणतात?

काही ठिकाणी मिळतं, पफिनचंही. व्यापारी तत्त्वावर देवमासे मारणाऱ्या मोजक्या देशांमध्ये आइसलँड आहे. ज्याला पाहायला इतक्या लांब आलो त्याला कुतूहल म्हणून चाखू नका, ही माझी विनंती आहे. हुसाविकसारखं गाव आज देवमासे दाखवून पोट भरतं, त्यांच्या बाजूने उभं राहण्याचा तोच सोपा मार्ग आहे.

व्हिसा कोणता?

शेंगेन. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवासविमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात. सफर ग्रीनलंडलाही जाणार असेल तर लक्ष ठेवा: ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही, तेव्हा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो आणि त्यावर ग्रीनलंडसाठी वैधतेची नोंदही हवी. भारतातून थेट विमान नाही, युरोपात एकदा बदलावं लागतं. जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचू नका, आदल्या दिवशी पोहोचा. सामान मागे राहिलं तर जहाज थांबत नाही.

खर्च इतका का?

प्रवासी थोडे, कर्मचारी आणि तज्ज्ञ जास्त, हंगाम तीन महिन्यांचा. किंमत पाहताना काय धरलंय ते विचारा: झोडियाकच्या फेऱ्या, बंदरशुल्क, बक्षिसी, जाकीट, इंटरनेट. विमान, व्हिसा, विमा आणि रेक्याविकचं हॉटेल बहुधा वेगळं. विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च असायलाच हवा.

मोबाइल, वीज, वेळ?

गावांजवळ नेटवर्क चांगलं. मोकळ्या समुद्रात जहाजाचं रोमिंग लागतं आणि बिल फार येतं, फोन फ्लाइट मोडवर ठेवा. प्लग दोन गोल पिनांचा युरोपीय. आपण तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो. रोख पैसे जवळपास लागत नाहीत.

कॅमेरा आणि दुर्बीण?

दुर्बीण प्रत्येकाची स्वतःची हवी, जोडप्यात एक चालत नाही. ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. १०× हलत्या डेकवर थरथरते. कॅमेऱ्याला १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. झोडियाकमध्ये लेन्स बदलू नका, एका शिंतोड्याने संपते.

निघण्याआधी काही तयारी करू का?

करा. नवे बूट घालून महिनाभर पायऱ्या चढा-उतरा. आणि दुर्बीण आली की ती पेटीत ठेवू नका. मांडव्याला जाणारी बोट, दाभोळची फेरी, मालवणचा धक्का, जे जवळ असेल तिथे जा आणि हलत्या बोटीवरून उडता कुरव डोळ्यात धरून ठेवायचा सराव करा. पहिल्या दिवशी जमणार नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला जमतं, आणि मग हुसाविकला "दोन वाजता" म्हटल्यावर फवारा विरायच्या आत तुमची दुर्बीण तिथे पोहोचलेली असते.